न थकलेली व्हॅन

जुनी गाडी विकताना माणसं खोटं बोलतात, हे शास्त्रज्ञांनी २०३४ साली सिद्ध केलं. बाकीच्यांना ते आधीपासून ठाऊक होतं, पण त्यांना त्यासाठी अनुदान मिळालेलं नव्हतं.

त्याआधीचा व्यवहार चाळिशीपुढच्या वाचकांना आठवत असेल. विकणारा म्हणायचा, गाडी एकहाती आहे, बँकेच्या मॅनेजरनं वापरलेली, तीही फक्त रविवारी देवळापर्यंत. घेणारा बॉनेटवर टिचकी मारून चेहरा पाडायचा. शोरूमवाला जुन्या गाडीला भरघोस किंमत द्यायचा आणि नव्या गाडीच्या किमतीत ती हळूच परत घ्यायचा. मग तिघंही घरी जाऊन आपण समोरच्याला कसं गंडवलं ते बायकोला सांगायचे, आणि तिन्ही बायका ते न ऐकल्यासारखं ऐकायच्या.

मग धातुसाक्षी आली.

धातुसाक्षी हे यंत्र दिसायला कपड्यांच्या इस्त्रीएवढं, पण त्यामागचा विचार सरळ होता. पोलाद निर्जीव असलं तरी विसरभोळं नसतं. त्याच्या आत अणूंच्या रांगा असतात, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारख्या. गाडी खड्ड्यात आदळली की एखादी रांग किंचित सरकते. बहुतेक वेळा ती जागेवर येते, पण हजारांतून एखादी येत नाही. कागदाला पडलेली घडी जशी पुन्हा पूर्ण जात नाही, तसं. अशा लाखो घड्या साठत जातात, त्याला धातूचा थकवा म्हणतात. धातुसाक्षी गाडीच्या सांगाड्यात एक शुद्ध सूर सोडते. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही. ताजं पोलाद तो सूर जसाच्या तसा परत करतं. थकलेलं पोलाद मात्र त्या सुराबरोबर दुप्पट पट्टीतला आणखी एक सूर पाठवतं. थकवा जितका जास्त, तितका हा वरचा सूर मोठा. सांगाड्यावर सोळा ठिकाणी यंत्र टेकवलं की सात मिनिटांत गाडीनं जन्मभर काय सोसलं, किती वेळा आदळली, ब्रेक किती करकचून लागले, सगळं पडद्यावर.

सरकारला यंत्र आवडलं आणि कायदा झाला. जुन्या गाडीची किंमत यंत्र ठरवणार, तीच अंतिम, घासाघीस केल्यास दंड. पहिल्या वर्षी राज्यभर थोडी खळबळ झाली. एकच गाडी नवरा-बायको दोघं चालवत असतील, तर अहवाल शोरूमच्या आवारात उघडू नये अशा पाट्या लावाव्या लागल्या. पण लोकांना हळूहळू सवय झाली. मिरजेत तर ती पहिल्या आठवड्यातच झाली. मिरज दवाखान्यांचं गाव. इथे माणूस ‘बरं वाटतंय’ म्हणाला तरी त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, रिपोर्ट बघायला मागतात. धातुसाक्षीला लोक ‘गाडीचा एमआरआय’ म्हणू लागले आणि गाडी उपाशीपोटी आणायची का, असंही दोघातिघांनी विचारलं.

भरतेश चौगुले २०४१ च्या मार्चमध्ये आपली पांढरी व्हॅन घेऊन संचार ऑटो एक्स्चेंजमध्ये गेले, ते अशा सुधारलेल्या जगात.

भरतेशआण्णांचं वय साठ, व्हॅनचं पंधरा. मिरजेची दुसरी ओळख तंबोरे आणि सतारी. मकबूल शिकलगारांच्या कारखान्यात तयार होणारे तंबोरे पुणे, धारवाड, गोवा असे पोचवणं हे आण्णांचं काम. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे वाळलेली साल. बाहेरून दणकट दिसतो आणि एका गचक्यात तडकतो. मागची दोन बाकं काढून तिथे गाद्या अंथरलेली ती व्हॅन दोन लाख चौदा हजार किलोमीटर धावली होती. पंधरा वर्षं भरलेली व्हॅन एकतीस मार्चनंतर भाड्याच्या मालवाहतुकीला चालणार नव्हती, घरगुती वापरापुरतीच उरणार होती. नवी विजेची व्हॅन घ्यायची, तर जुनीचे निदान चार लाख यायला हवे होते. ते आले नाहीत, तर तंबोरे बिनचालकाच्या गाड्यांतून जाणार आणि आण्णा घरी बसणार, इतका साधा हिशेब होता.

यंत्र चालवायला समोर त्यांचीच मुलगी त्रिशला उभी होती. ती धातुशास्त्राची इंजिनियर, दोन वर्षांपासून संचारच्या मूल्यांकन विभागात होती. शाखेचे मॅनेजर दामले, वय बत्तीस, पुण्याहून बदलून आलेले आणि अजून पुण्यातच असल्यासारखे वावरणारे.

“मॅडम, हे तुमचे वडील ना? मग तुम्ही बाजूला व्हा,” दामले म्हणाले. “नियमानं मीच मोजतो.”

त्यांनी सोळा ठिकाणी यंत्र टेकवलं. सात मिनिटं झाली. पडदा लाल झाला. दामल्यांनी पुन्हा मोजलं. पडदा पुन्हा लाल झाला.

“काका, काट्यावर दोन लाख चौदा हजार दिसतात. धातूत थकवा फक्त एकतीस हजारांचा आहे.”

“म्हंजे चांगलंच की,” आण्णा म्हणाले.

“चांगलं नाही, काका. अशक्य आहे. राज्यातल्या चाळीस लाख गाड्या मोजून आपल्या रस्त्यांचा एक गुणांक काढलेला आहे. इथे एक किलोमीटर गेलं की किती थकवा येणार, ते ठरलेलं आहे. त्यातून कुणीही सुटत नाही. मंत्र्यांच्या गाड्यासुद्धा नाही.”

“काटा मागं फिरवणारे बगितलेत मी. पुढं कोण फिरवंल? आपल्या गाडीचं वय वाढवून सांगणारा माणूस तुमी पाहिलाय का कदी?”

“काटा नाही, काका. यंत्राचं म्हणणं, सांगाडा बदललाय. दुसऱ्या, कमी चाललेल्या गाडीचा आहे.”

“कुणाच्या गाडीचा?”

दामल्यांनी पडदाच त्यांच्याकडे वळवला. तिथे लिहिलं होतं : फेरफार. सांगाडा चोरीचा असण्याचा संभव. मूल्य शून्य. पंधरा दिवसांत खुलासा न आल्यास प्रकरण पोलिसांकडे.

“आणि ह्याला कारण काय?”

“यंत्र कारण सांगत नाही,” दामले म्हणाले. “निष्कर्ष सांगतं.”

आण्णांनी मुलीकडे पाहिलं. त्रिशला यंत्राची वायर गुंडाळत होती. गुंडाळून झाल्यावर तिनं ती सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

संध्याकाळी जेवताना तिनं विचारलं. विचारायचं नाही असं तिनं वाटेत ठरवलं होतं, पण शिक्षणाचा परिणाम म्हणून विचारलंच. “आप्पा, गाडी कधी महिनाभर गॅरेजला होती का? म्हणजे तुमच्या नकळत कुणी काही...”

आण्णांचा हात भाकरीवर थांबला.

“मशीनला इचार,” ते म्हणाले, आणि उठले.

त्रिशलाच्या आईनं, राजमतीबाईंनी, ताटातली उरलेली भाकरी बघितली, मग मुलीला बघितलं. “शिकलीस,” त्या एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून अबोला सुरू झाला. चौगुल्यांच्या घरात अबोल्याचे नियम ठरलेले होते. बोलायचं नाही, पण माहिती पोचली पाहिजे. “राजमती, मॅडमना सांग, अंघोळीचं पाणी तापलंय,” असं आण्णा मॅडम समोर बसलेल्या असताना सांगत. राजमतीबाई ते तितक्याच गंभीरपणे पुढे कळवत. चार दिवस असे गेले. त्रिशलाला यंत्रावर संशय नव्हता आणि बापावर तर नव्हताच. पण दोघांपैकी एक चुकतो आहे आणि त्यातल्या एकाला आयएसओ प्रमाणपत्र आहे, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

पाचव्या दिवशी ती मकबूलचाचांच्या कारखान्यात गेली. सत्तरी ओलांडलेले चाचा एका भोपळ्याला कान लावून बसले होते. त्यांनी हातानंच थांब म्हणून खुणावलं, भोपळ्याचं सांगून झाल्यावर विचारलं, “काय गं बेटा, बापाची चौकशी करायला आलीस व्हय?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुझ्या बापानं. म्हणाला, पोरगी येईल, खरं ते सांगा. चहा घेणार?”

“चाचा, त्यांची गाडी दोन लाख किलोमीटर धावली आणि थकली नाही, असं कसं होईल?”

चाचांनी एक तयार तंबोरा गादीवर आडवा केला. तीन तारा सैल सोडल्या, एक तेवढी सुरात ठेवली. मग जुन्या लग्नपत्रिकेचा एक तुकडा फाडून त्याची इवलीशी घडी केली, छपरासारखी, आणि ती त्या ताणलेल्या तारेवर अलगद बसवली.

“गाडीत तंबोरा ठेवला की असा कागद बसवायचा. गचका बसला की तार हलते, तार हलली की कागद पडतो. पुण्याचा माणूस दार उघडल्या उघडल्या फोटो काढून मला पाठवणार. कागद जागेवर तर भाडं पुरं. पडला असेल तर भाडं नाही. पहिल्याच दिवशी तुझ्या बापानं ही अट मान्य केली. मला वाटलं, महिनाभरात पळून जाईल.”

“आणि कागद किती वेळा पडला?”

“पंधरा वर्षांत तीनदा. एकदा समोरून ट्रक अंगावर आला. एकदा त्याला घाटात शिंक आली.”

“आणि तिसऱ्यांदा?”

“तुझा बारावीचा निकाल लागला. फोन आला तवा तो कागलच्या पुढं होता.”

त्रिशलानं तारेवरच्या कागदाकडे बराच वेळ पाहिलं. यंत्र लोखंडात सूर सोडून वरचा सूर ऐकत होतं. चाचा ताणलेल्या तारेवरचा कागद बघत होते. शास्त्र एकच होतं. फरक इतकाच की यंत्रानं चाळीस लाख गाड्या मोजल्या होत्या आणि त्यात एकही चालवणारा मोजला नव्हता. रस्ता आणि किलोमीटर कळले की थकवा कळतो, असं त्यानं धरलं होतं. स्टिअरिंगमागे बसलेला माणूस सगळीकडे सारखाच, असं गृहीत होतं. तसं धरणं चुकीचंही नव्हतं. चाळीस लाखांत तो जवळजवळ सारखाच निघाला होता.

“ते फोटो आहेत तुमच्याकडे?”

“हायत की. पण फोटो दाखवून तुझा साहेब ऐकंल?”

ऐकला नसता. २०४१ मध्ये फोटोला पुरावा मानणारा माणूस शोधायला गेलं तर फक्त लग्न जमवणाऱ्यांत सापडला असता. त्रिशलानं त्या दुपारी कायदा उघडला. आठशे पानांत, जाहिरातींच्या नियमांनंतर आणि वाहनतळाच्या रंगाआधी, तिला एक पोटकलम सापडलं. यंत्राचा निष्कर्ष मान्य नसेल तर मालकाला प्रत्यक्ष चाचणी मागता येईल. ते कलम आजवर कुणी वापरलेलं नव्हतं, कारण यंत्राशी भांडण्याएवढा वेळ असलेल्या माणसांकडे गाडी नसते.

घरी येऊन ती थेट बापासमोर बसली. “आप्पा, मी चुकले.”

आण्णा पेपर वाचत होते. “राजमती, मॅडम काय म्हणतात?”

“चुकली म्हणत्या,” राजमतीबाईंनी स्वयंपाकघरातून कळवलं.

“कशात चुकली, ते इचार.”

“मशीनला विचारायला पाहिजे होतं, मी तुम्हाला विचारलं,” त्रिशला म्हणाली.

मग तिनं रस्त्यावरच्या चाचणीचं कलम सांगितलं. आण्णांनी पेपरची घडी केली. “गाडी किती वाजता काढायची?” त्यांनी तिलाच विचारलं.

चाचणीची पद्धत त्रिशलानं बसवली. चाळीस किलोमीटरमध्ये पोलादात काही दिसलं नसतं. म्हणून तिनं मऊ मिश्रधातूच्या दोन पट्ट्या घेतल्या. पोलादाला जे एका वर्षात होतं, ते या पट्टीला एका फेरीत होतं. गुणांकाप्रमाणे मिरज ते आरग आणि परत एवढ्या रस्त्यावर पट्टीत शंभर एककं थकवा यायला हवा होता. आण्णांच्या गाडीचा हिशेब खरा असेल, तर एकतीस हजार भागिले दोन लाख चौदा हजार, म्हणजे त्यांच्या पट्टीत शंभराऐवजी साडेचौदाच्या आसपास यायला हवं. पंधराच्या आत आलं तर गाडी खरी. वीसच्या वर गेलं तर चोरीची. मधलं काही आलं तर फेरी पुन्हा. आण्णा आणि दामले दोघांनी तसं लिहून सही केली. दुसरी पट्टी कंपनीच्या बिनचालकाच्या गाडीला बसली. ती तुलनेसाठी, आणि थोडी दामल्यांच्या समाधानासाठी.

सकाळी आठला दोन्ही गाड्या निघाल्या. आण्णांच्या शेजारी दामले, मांडीवर लॅपटॉप घेऊन. मागे गादीवर आडवा तंबोरा, त्याच्या तारेवर चाचांनी स्वतः बसवलेला कागद, आणि शेजारी त्रिशला. या व्हॅनमध्ये ती शाळेत असताना शेवटची बसली होती.

“पोरी, श्वास हळू घे,” आण्णा आरशात बघून म्हणाले. “कागद उडायचा.”

पहिला खड्डा गावाबाहेर पडल्या पडल्या आला. बिनचालकाच्या गाडीनं तो दीडशे मीटरवरून ओळखला, खोली मोजली, वेग कमी केला आणि कायद्यात बसेल असा ब्रेक दाबत आत उतरली. धाडकन आवाज आला. आण्णांनी ब्रेक आधीच दाबला, आणि खड्ड्याच्या ओठावर सोडून दिला. व्हॅन तिरकी उतरली, आधी एक चाक, मग दुसरं.

“काका, खड्डा समोर असताना तुम्ही ब्रेक सोडलात.”

“ब्रेक दाबलेला असला की गाडीचं नाक खाली असतं. नाक खाली घालून खड्ड्यात कोण उतरतं?”

“हे मॅन्युअलमध्ये नाही.”

“मॅन्युअल लिहिणारा आरगला आला न्हवता.”

दामल्यांनी ते लिहून घेतलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण लिहून घेतोय, आणि त्यांनी लॅपटॉप थोडा मिटला.

“हा पुढचा कुठला?” त्यांनी थोड्या वेळानं विचारलं.

“हा जावयाचा. ह्यात एका नवरदेवाची गाडी अडकली होती, तवापासनं नाव पडलं. डावीकडनं घ्यायचा. त्याच्या पुढचा डांबर घालून बुजवलाय, तो जास्त वाईट. बुजवलेला खड्डा उंच असतो, आणि माणूस बेसावध असतो.”

उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. आण्णा हॉर्न वाजवत नव्हते. ट्रॅक्टरवाल्याचं डोकं कुठे वळतंय ते बघून ते आधीच सरकत होते. परतीच्या वाटेवर पाटाचं पाणी फुटून रस्त्यावर आलेलं होतं, चांगलं पंधरा फूट रुंद. बिनचालकाची गाडी त्याच्या काठाशी थांबली. पाण्याखाली काय आहे ते तिला दिसेना. तिनं उपग्रहाला विचारलं, उपग्रहानं कार्यालयाला विचारलं, कार्यालय दहाला उघडणार होतं.

आण्णांनी शेजारून व्हॅन आत घातली.

“काका, खोली माहीत नाही,” दामले सीट घट्ट धरून म्हणाले.

“मधी बगळा उभा हाय. त्याच्या घोट्याएवढं पाणी हाय, तळ सपाट हाय. खोलगटात बगळा एवढा निवांत उभा राहत न्हाई.”

बगळा बाजूला झाला. व्हॅन पलीकडे गेली. मागे तारेवरचा कागद किंचित थरथरला आणि बसून राहिला. त्रिशला त्याच्याकडे बघत होती, आणि काही वेळानं तिला बाहेरचं बघता आलं.

कंपनीची गाडी शोरूममध्ये आली ती कार्यालय उघडल्यावर, व्हॅनच्या मागून पाऊण तासानं.

शोरूममध्ये तोवर चार माणसं जमली होती, त्यांतली दोन आपल्या गाड्या विसरून. मकबूलचाचाही येऊन खुर्चीत बसले होते. दामल्यांनी आधी कंपनीची पट्टी मोजली. एकोणसाठ. “माणसापेक्षा बरी चालवते,” ते म्हणाले, आणि ते खरंही होतं, कारण सरासरी माणूस शंभराचा होता.

मग त्यांनी आण्णांची पट्टी यंत्राखाली धरली. पडदा हिरवा झाला.

“चौदा,” दामले म्हणाले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण चौदा म्हणजे काय ते दोघांनाच कळलं होतं. त्रिशलानं बाकीच्यांना सांगितलं. ऐकल्यावर चाचांनी मान डोलावली. “मशीनला आत्ता कळलं. मला कागद सांगत होता.”

 दामल्यांनी स्वतः पडद्यावरचं ‘फेरफार’ खोडलं, ‘चोरी’ खोडलं, आणि उठून आण्णांसमोर उभे राहिले. “चौगुलेसाहेब, माफ करा. गाडी तुमचीच आहे.”

“मला माहीत होतं,” आण्णा म्हणाले.

पण किमतीची अडचण तशीच राहिली. यंत्राच्या तक्त्यात वय, काटा आणि थकवा या तिघांची सांगड घालून भाव छापलेले होते, आणि पंधरा वर्षं, दोन लाख चौदा हजार किलोमीटर, एकतीस हजारांचा थकवा अशी ओळच नव्हती. अशी गाडी असू शकते हे तक्ता करणाऱ्यांना माहीत नव्हतं. दामल्यांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. अर्ध्या तासानं उत्तर आलं की तक्ता लागू होत नसेल तेथे मूल्य उभयपक्षी संमतीने ठरवावे.

“म्हणजे काय करायचं?” दामल्यांनी फोन ठेवून विचारलं.

“भाव करायचा,” त्रिशला म्हणाली.

दामल्यांनी आयुष्यात कधी भाव केला नव्हता. त्यांना मोबाइलवर किमती दिसत आणि ते त्या देत. त्यांच्या वयाच्या सगळ्यांचं तसंच होतं. आणि भरतेशआण्णा या बाबतीत आणखीच कच्चे. ते समोरच्यानं सांगितलेल्या आकड्याला ‘बरं’ म्हणून वर आभार मानत. पण गाडी दोघांच्या नावावर होती. सही करायला म्हणून राजमतीबाई रिक्षानं आल्या होत्या. त्यांनी पदर खोचला आणि आण्णांना “तुमी चाचांजवळ बसा,” असं सांगून दामल्यांसमोरची खुर्ची घेतली.

“बोला साहेब. किती?”

दामल्यांनी पडद्यावर काहीतरी केलं. “दोन लाख दहा हजार.”

राजमतीबाई हसल्या. त्यात राग नव्हता, शिक्षिका वर्गातल्या नव्या मुलाला हसते तसं होतं. “ऐका. तुमची मशीन म्हणते गाडी एकतीस हजार चाललीय. एकतीस हजार चाललेली व्हॅन तुमी बाहेर कितीला लावलीय? पाटी मी येताना वाचली. सात लाख. मी सहा म्हणते.”

“पण ती तीन वर्षांची आहे. ही पंधरा वर्षांची.”

“वय कुणाचं विचारताय? पत्रा काय म्हणतो ते बघा. कायदा तुमचाच हाय.”

“दोन लाख चाळीस,” दामले म्हणाले.

“पाच ऐंशी.”

“दोन पंचेचाळीस. यापुढे मला जमणार नाही, काकू.”

“मग आमी जातो,” राजमतीबाई म्हणाल्या. त्यांनी पर्स उचलली, नवऱ्याला डोळ्यांनी उठवलं आणि दाराकडे चालू लागल्या. चाचाही खुर्चीवरून उठून मागे निघाले, त्यांना हे सगळं पाठ होतं.

दामले जागेवर बसून राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं वाईट वाटणं होतं. “मॅडम, काकू चालल्या,” ते त्रिशलाला म्हणाले. “म्हणजे व्यवहार झाला नाही. मी तसं लिहू का?”

“नाही सर. आता तुम्ही हाक मारायची असते.”

“काय म्हणून?”

“‘काकू, थांबा.’ आणि आकडा वाढवायचा.”

“पण मी जमणार नाही म्हणालोय.”

“ते सगळे म्हणतात, सर.”

दामल्यांनी घसा साफ केला. “काकू, थांबा. तीन लाख.”

राजमतीबाई थांबल्या नाहीत. त्या चप्पल घालत होत्या, आणि एक चप्पल घालायला इतका वेळ लागतो हे आण्णांना पस्तीस वर्षांच्या संसारात नव्यानंच कळत होतं.

“त्या थांबल्या नाहीत,” दामले म्हणाले.

“पहिल्या हाकेला थांबायचं नसतं, सर.”

“काकू, साडेतीन.”

दुसरी चप्पल पायात गेली. राजमतीबाईंनी दाराला हात लावला, आणि बाहेरचं ऊन चांगलं निरखून पाहिलं. शोरूममधली ती चार माणसं आता पुढे सरकली होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सात वर्षांत त्यानं हे पाहिलं नव्हतं.

दामले खुर्चीवरून उठले. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि चेहऱ्यावर काहीतरी नवीन आलं होतं, पोहायला शिकणाऱ्या माणसाचे पाय पहिल्यांदा तळापासून सुटतात तेव्हा येतं तसं. “काकू, चार लाख साठ. आणि हा माझा शेवटचा आकडा आहे, आता मी खरंच सांगतोय.”

राजमतीबाई वळल्या. त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. आण्णांनी ‘बरं’ म्हणायला तोंड उघडलं होतं, ते त्यांनी नजरेनं मिटवलं.

“तुमी एवढं म्हणताय तर द्या चार साठ,” त्या खुर्चीवर परत बसत म्हणाल्या.

दामल्यांनी श्वास सोडला, आकडा भरला, सहीचा कागद पुढे केला. आण्णांनी सही केली. त्रिशलानं साक्षीदार म्हणून केली. राजमतीबाईंनी पेन हातात घेतलं आणि कागदाच्या वर तसंच धरून ठेवलं.

“ह्यात स्टेपनी धरलेली न्हाई हं,” त्या म्हणाल्या. “ती पंधरा वर्षांत एकदाही रस्त्याला लागलेली न्हाई. पाहिजे तर रिमला मशीन लावून बघा.”